वाटमारीची सजा आणि अपिलाचा कागद

सापगावच्या पुलावर उभे राहिले म्हणजे खाली भातसा वाहताना दिसते. एका अंगाला माहुलीचे सुळके, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची निळी रांग. इकडून रस्ता किन्हवलीवरून मुरबाडकडे जातो, तिकडे शहापूर ओलांडले की मुंबई-आग्रा रस्ता लागतो आणि कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे निघतो. श्रोतेहो, जिथे घाटाची वाट आहे तिथे वाटसरू आहे, आणि जिथे वाटसरू आहे तिथे वाटमारीची गोष्ट आहे. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अशा गोष्टी पुष्कळ असत. पण त्या सगळ्या गोष्टी लुटारू पकडला गेला की संपत. पकडला, फासावर दिला, किंवा काळ्या पाण्यावर पाठविला. पुढे काय, हे कोणी सांगत नसे, आणि आम्हीही विचारीत नसू.

आज आम्हाला बोलायचे आहे ते त्या पुढच्या भागाविषयी. सजा ठोठावल्यानंतर माणसाच्या हातात काय उरते? अपील उरते असे कायदा सांगतो. हे अपील आले कुठून, ते कोणाच्या कामाला आले आणि कोणाच्या आले नाही, हा आजचा विषय आहे. कामगार संघटनेच्या माणसाने दरोडेखोरांवर व्याख्यान द्यावे याचे काहींना नवल वाटेल. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गेटवरच्या सभांत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. त्या व्हरांड्यात बोनसच्या तक्रारीचा कामगार आणि बेड्यांतला आरोपी एकाच बाकावर बसलेले असतात, म्हणून ओळख झाली इतकेच.

आपल्या डोंगराचा पहिला मोठा ‘दरोडेखोर’ म्हणजे राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातला हा पुरुष. त्याचा मुलूख घाटावर अकोल्याकडचा, पण त्याच्या टोळीला घाटमाथा आणि कोकण यांत अंतर वाटत नव्हते. १८४४-४५ च्या सुमारास त्याने सावकारांवर छापे घातले, काहींची नाके कापली. सरकारी कागदांत तो लुटारू आहे. डोंगरातल्या माणसाच्या आठवणीत तो कर्जाच्या वह्यांचा वैरी आहे. २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात वारकऱ्यांच्या गर्दीत लेफ्टनंट गेल याने त्याला पकडले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. म्हणजे बरोबर चार महिने. पकडणे, आणणे, चौकशी, शिक्षा आणि दोर, सगळे चार महिन्यांत उरकले.

तेव्हा आजचे मुंबई उच्च न्यायालय नव्हते. ते १८६२ साली आले. दंडसंहिता नव्हती, ती १८६० ची. एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ साली केलेली रेग्युलेशने चालत, आणि जिल्ह्याच्या न्यायाधीशावर सदर फौजदारी अदालत होती. फाशीचा कागद मंजुरीसाठी वर जाई खरा. परंतु कागद वर जाणे वेगळे, आणि आरोपीने स्वतःच्या तोंडाने ‘हा निकाल मला मान्य नाही’ असे म्हणणे वेगळे. एक वरिष्ठाने कनिष्ठाचे काम तपासणे झाले. दुसरा माणसाचा हक्क आहे. हा फरक आम्हाला कारखान्यात चांगला कळला. साहेबाने मुकादमाचा रिपोर्ट तपासला म्हणजे कामगाराची बाजू ऐकली असे होत नाही.

दंडसंहिता आली आणि लुटीची मोजमापे ठरली. ती ऐकण्यासारखी आहेत. धाक दाखवून किंवा मारून ऐवज काढून घेतला की ती जबरी चोरी. सजा १० वर्षांपर्यंत. तीच हमरस्त्यावर, सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या दरम्यान केली तर १४ वर्षांपर्यंत. रस्ता आणि रात्र या दोन गोष्टींनी चार वर्षे वाढतात. आणि जमलेली माणसे पाच किंवा अधिक असली की जबरी चोरीचा दरोडा होतो, आणि सजा जन्मठेपेपर्यंत जाते. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, ३९२ चे ३०९ झाले आणि ३९५ चे ३१० झाले. हिशेब मात्र तोच राहिला. पाचवा माणूस फार महागात पडतो. त्यामुळे खटल्यात पाचवा कोण, तो होता की नव्हता, हे ठरविण्यावर कित्येकांचे आयुष्य टांगलेले असते. पाचवा न सापडला तर जो सापडेल त्याला पाचवा करण्याचा मोह कोणाला होतो, हे श्रोत्यांनीच ओळखावे.

आता १८७९ सालाकडे येऊ. वासुदेव बळवंत फडके हे पनवेलजवळच्या शिरढोणचे, पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून. जिला आपण वसंत व्याख्यानमाला म्हणतो तिची सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली केली, आणि फडके हे रानड्यांची व्याख्याने ऐकलेले गृहस्थ होते, हे या मांडवात बसून आठवायला हरकत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली ती त्यांनी पाहिली. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन त्यांनी धामारी गावावर पहिला छापा घातला. मे महिन्यात दौलतराव नाईक या त्यांच्या सोबत्याने कोकणात उतरून पळस्पे लुटले. परतीच्या वाटेवर तो गोळीबारात पडला. जुलैमध्ये तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात देवर नावडगी येथे फडके झोपेत पकडले गेले.

खटला पुण्यात चालला. आरोप राजाविरुद्ध युद्धाचे होते आणि त्यांच्या जोडीला दरोड्याचेही होते. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजद्रोही म्हटले की लोक आदराने पाहतात. दरोडेखोर म्हटले की दारे लावून घेतात. सरकारला दोन्ही शब्द हवे होते. अशा माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे. ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी घेतले, आणि महादेव चिमणाजी आपटे यांनीही बचावाचे काम केले. सार्वजनिक काकांची खादी आणि त्यांची सार्वजनिक सभा यांचे पुष्कळ गोडवे आपण गातो. आम्हाला विचाराल तर त्यांचे सगळ्यांत मोठे काम हे वकीलपत्र होय. बचाव अवघड होता, कारण फडक्यांच्या विरुद्धचा सर्वांत बळकट साक्षीदार त्यांचीच लेखणी होती. त्यांची रोजनिशी आणि त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र सरकारच्या हाती पडले होते, आणि तेच पुराव्यात वाचले गेले.

नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची सजा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात अपील झाले. ते फेटाळले गेले. फडक्यांना ठाण्याच्या तुरुंगात आणून ठेवले आणि जानेवारी १८८० मध्ये एडनच्या बोटीवर चढविले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते एडनलाच वारले. राघोजीला जिथे फाशी दिली त्याच ठाण्याच्या किल्ल्यात, तोच आज आपल्या जिल्ह्याचा तुरुंग आहे, ३१ वर्षांनी हा दुसरा ‘दरोडेखोर’ आला. मधल्या काळात दंडसंहिता आली होती, उच्च न्यायालय आले होते, अपील आले होते. फडक्यांचे अपील हरले, तरी ते झाले. त्यांच्या बाजूने दोन नामांकित माणसे उभी राहिली. त्यांच्या नावाचा कागद वर गेला. त्यांच्याबरोबरच्या रामोशांचे काय? तेही धरले गेले, त्यांनाही सजा झाल्या. त्यांची रोजनिशी कोणी लिहिली नाही, आणि त्यांचे वकीलपत्र घ्यायला कोण धावले हे इतिहासाची पुस्तके सांगत नाहीत. आम्ही फडक्यांना उणे लेखीत नाही. पण संघटनेच्या माणसाची नजर हजेरीपटाच्या शेवटच्या नावावर जाते, त्याला इलाज नाही.

पुढे तर सरकारने खटल्याचीही गरज ठेवली नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ साली तो मुंबई इलाख्याला लागू झाला. जन्मला तोच गुन्हेगार, असे हे शास्त्र. हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही, आणि काहींनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेच्या आत राहायचे. सजा झाली असेल तर अपील करता येते. जन्माविरुद्ध अपील कुठे करणार? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कायदा गेला, परंतु ठाण्यातल्या जुन्या वह्या आणि माणसांच्या मनातल्या वह्या तितक्या लवकर फाटत नाहीत.

याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला जा. जून २००३ मध्ये नाशिक रोडजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, एका मुलीवर अत्याचार झाला. ऐवज गेला तो किरकोळ. असे कृत्य ऐकल्यावर कोणाचेही रक्त तापेल, आणि तापावेच. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर धरले. २००६ साली नाशिकच्या सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले; सरकारही गेले. एप्रिल २००९ मध्ये तिथे सरकारचे अपील मंजूर झाले आणि सहाही जणांची फाशी पुन्हा उभी राहिली. म्हणजे तीन पायऱ्या चढून माणूस जिथून निघाला तिथेच आला. फेरविचाराचा अर्जही एकदा फेटाळला गेला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकायचे ठरविले. मग जुने कागद पुन्हा उलगडले. वाचलेली साक्षीदार बाई हा खटल्याचा कणा होती. घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांनी तिला नोंदीतल्या गुन्हेगारांचे फोटो दाखविले होते, आणि तिने त्यांतले चार ओळखले होते. ते चौघे या सहांतले नव्हते! त्या चौघांचा तपास पुढे नेलाच नाही, आणि सरकार पक्षाने ही गोष्ट झाकून ठेवली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख रुपये देण्यास सरकारला सांगितले आणि चुकीच्या तपासाबद्दल अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला. सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता असेही मध्यंतरी सिद्ध झाले होते. तोवर त्या पोराची कितीतरी वर्षे फाशीच्या कोठडीत गेली होती.

हे आम्ही दोन वेळा वाचले, आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबलो. चार फोटो ओळखल्याचा कागद २००३ सालापासून जगात होता. तो २००६ साली होता, २००७ साली होता, २००९ सालीही होता. न्यायाधीश बदलले, कोर्टे बदलली. तो कागद मात्र नीट वाचायला १६ वर्षे लागली. आणि ज्या आईने घर गमावले तिलाही १६ वर्षांनी एवढेच कळले की धरलेली माणसे ती नव्हती.

अपील म्हणजे नवा खटला नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साक्षीदार पुन्हा येत नाहीत, कोणी छाती पिटून सांगत नाही. खालच्या कोर्टातल्या कागदांचे एक बाड होते आणि दोन वकील आणि न्यायाधीश ते वाचतात. म्हणून ओळखपरेडीचा कागद, पंचनाम्याचा कागद, जप्तीचा कागद यांना इतके मोल. ओळखपरेड पोलिसांनी घ्यायची नाही, मॅजिस्ट्रेटने घ्यायची. एका संशयिताबरोबर त्याच्यासारखी दिसणारी निदान सहा माणसे उभी करायची, असा आपल्याकडचा नियम आहे. ही सहा माणसे आणि पंच कुठून येतात? तुमच्या-आमच्यातून. पंच म्हणून कोऱ्या कागदावर सही करून ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणत घरी गेलेले सभ्य गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. कदाचित आज इथेही असतील.

आणि या बाडाच्या वर एक कागद असतो, निकालाची नक्कल. तिच्यावाचून अपील होत नाही. हॉसकोट नावाच्या प्राध्यापकाचा एक खटला महाराष्ट्र सरकारविरुद्ध १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. गृहस्थ दरोडेखोर नव्हते, खोट्या पदव्यांच्या भानगडीतले होते. त्यांचा अर्ज चार वर्षांहून अधिक उशिरा आला. कारण विचारता ते म्हणाले, उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल मला मिळालीच नाही. तुरुंगाकडे नक्कल पोचली होती, पण कैद्याची पोच कुठे नव्हती. तोवर त्यांची सजा भोगूनही झाली होती! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांचा अर्ज फेटाळला, परंतु जाता जाता असा दंडक घातला की कैद्याला नक्कल फुकट आणि वेळेवर द्यावी, तिची लेखी पोच घ्यावी, आणि तो गरीब असेल तर अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील द्यावा. शिकल्यासवरल्या प्राध्यापकाची ही गत, तर निरक्षराची काय असेल ते सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी सापगावच्या अलीकडे नदीकाठच्या एका कातकरी वाडीतली बाई आमच्या आसनगावच्या ऑफिसात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. ती म्हणाली, “ह्यो कागद काय म्हंतो तेवढं सांगा, दादा.” तिचा नवरा दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेला. रात्री हमरस्त्यावर एका टेंपोवाल्याला अडवून मारहाण केली, मोबाइल आणि पैसे नेले, या आरोपावरून त्याला आणि भट्टीवरच्या दुसऱ्या दोघांना सात-सात वर्षांची सजा झाली होती. त्या रात्री तो रस्त्यावर होता, हे त्याने बायकोपाशी नाकारले नव्हते. आम्हीही इथे नाकारीत नाही.

नक्कल वाचता वाचता आमच्या वकील मित्राचे बोट एका ओळीवर थांबले. सजा कलम ३९७ खाली होती. लुटीत घातक शस्त्र वापरले तर सात वर्षांहून कमी सजा देता येत नाही, असे ते कलम. पण हे कलम ज्याने शस्त्र वापरले त्यालाच लागते, बरोबरच्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच सांगून ठेवलेले आहे. टेंपोवाल्याची साक्ष एकाच कोयत्याची होती, आणि तो उगारणारा म्हणून त्याने बोट दाखविले ते दुसऱ्याकडे. या माणसाचा कोयता पोलिसांना मिळाला तो कमरेच्या आकडीला लावलेला. कातकऱ्याच्या कमरेला कोयता नसेल तर काय फाउंटन पेन असेल?

मुद्दा सरळ होता, पण अपिलाची साठ दिवसांची मुदत केव्हाच टळली होती. तुरुंगात त्याला नक्कल उशिरा मिळाली, मिळाली तेव्हा ती वाचून कोणी दाखविली नाही, आणि बाईला वाटे की शिक्का मारलेला कागद म्हणजे संपले. विलंबमाफीचा अर्ज केला, तो मंजूर झाला. सजा स्थगित होऊन जामीनही मिळाला, पण जामीनदार कोण राहणार? वाडीत कोणाच्या नावावर सातबारा नाही. आम्ही शहापुरात दोन-चार भल्या माणसांकडे गेलो. त्यांनी चहा दिला. शेवटी अपील ऐकले गेले तेव्हा पाचव्या वर्षाचा शेवट आला होता. ३९७ काढून टाकले, साध्या जबरी चोरीचा दोष राहिला, आणि भोगली तेवढी सजा पुरे ठरली. आमच्या वकील मित्राने ते आपले यश मानले. आम्ही मानावे की नाही हे अजून ठरलेले नाही.

सुटल्यावर तो ऑफिसात आला. काही मागावेसे वाटत असेल तर माग, असे आम्ही म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, कोयता परत मिळेल काय? आम्ही चौकशी केली. निकालाच्या शेवटी मुद्देमालाचा हुकूम असतो, तो आम्ही तोवर वाचलाच नव्हता. अपिलाची मुदत संपल्यावर कोयते नष्ट करावेत, असे त्यात लिहिले होते. साठ दिवस संपले, अपील आले नव्हते, आणि कोयते त्याप्रमाणे नष्ट झाले होते. पुढच्या आठवड्यात त्याने शहापूरच्या बाजारातून नवा घेतला.